वर्ध्याहून चापिंगोला

आपल्या शाळेच्या ग्रंथालयात वीणा गवाणकरांच्या ‘एक होता कार्व्हर’च्या दोन प्रती होत्या आणि दोन्ही कधीच कपाटात सापडायच्या नाहीत. नंबर लावावा लागायचा. माझा नंबर आठवीच्या दिवाळीच्या सुट्टीत लागला आणि ते पुस्तक मी दोन दिवसांत संपवलं. अमेरिकेतल्या आयोवा राज्याच्या शेतकी कॉलेजात शिकलेला कार्व्हर, भुईमूग, रताळी, टस्कीगी हे सगळं आपल्या बॅचमधल्या निम्म्या मुलामुलींना तोंडपाठ होतं. पण आपल्याच वर्ध्यात जन्मलेला एक माणूस अमेरिकेतल्या अशाच शेतकी कॉलेजांत शिकला, पुढे मेक्सिकोत शेतकीचा प्राध्यापक झाला, तिथल्या सरकारी इमारतीच्या भिंतीवर त्याचं चित्र आहे, हे मला पस्तिशी उलटेपर्यंत माहीत नव्हतं. ते कळलं तेही गवाणकरांमुळेच. कार्व्हरनंतर त्यांनी डॉ. पांडुरंग खानखोज्यांचंही चरित्र लिहिलं आहे.

या लेखात शाळेच्या आठवणी कमी आणि खानखोजे जास्त आहेत, याबद्दल संपादक मंडळाने मला माफ करावं. कारण मात्र शाळेशीच जोडलेलं आहे आणि ते शेवटाकडे येईल.

पांडुरंग सदाशिव खानखोजे १८८४ साली वर्ध्यात जन्मले. सुरुवातीचं शिक्षण वर्ध्यात झालं, पुढचं नागपुरात. त्यांच्या शाळकरी वयातच १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन मोठे दुष्काळ मध्य प्रांतावर आले. कापसाच्या पट्ट्यात धान्य बाहेरून यायचं; ते आलं नाही किंवा परवडलं नाही की माणसं गाव सोडायची. बारा ते सोळा या वयात ज्याने हे पाहिलं असेल, त्याच्या मनात शेती आणि राज्यकर्ते या दोन गोष्टी वेगळ्या राहिल्या नसणार, असं मला वाटतं. नागपूर तेव्हा टिळकांच्या विचारांनी भारलेलं होतं. तरुण पांडुरंगही त्यातलाच. सशस्त्र क्रांती करायची तर लष्करी शिक्षण हवं आणि ते इंग्रजांच्या राज्यात मिळणार नाही, म्हणून विशी नुकतीच ओलांडलेला हा मुलगा देश सोडून गेला. आधी जपान, मग अमेरिकेचा पश्चिम किनारा.

म्हणजे तो शेतकी शिकायला गेलाच नव्हता. सॅन फ्रान्सिस्कोजवळ सॅन राफाएलला तामालपाइस नावाची लष्करी अकादमी होती, तिथे त्यांनी शिक्षण घेतलं. हातात काहीतरी विद्या असावी, परदेशात राहायला कारण असावं आणि उद्या स्वतंत्र देशात लोकांना खायला घालण्याचा प्रश्न येणारच, अशा हिशोबाने शेतकीचं शिक्षण जोडीला घेतलेलं दिसतं. ऑरेगन राज्यातल्या कॉर्व्हॅलिसचं ऑरेगन अॅग्रिकल्चरल कॉलेज आणि वॉशिंग्टन राज्यातल्या पुलमनचं वॉशिंग्टन स्टेट कॉलेज ही त्यांची दोन ठिकाणं. पोरसवदा क्रांतिकारकाच्या दृष्टीने ही बाजूची गोष्ट. तीच शेवटी आयुष्यभर पुरली.

ही कॉलेजं काय प्रकारची होती ते जरा सविस्तर सांगते, कारण त्यावाचून पुढचं कळत नाही.

१८६२ साली, यादवी युद्ध चालू असताना, अमेरिकेच्या काँग्रेसने मॉरिल कायदा नावाचा एक कायदा केला. केंद्र सरकारकडे पडीक जमीन अफाट होती. प्रत्येक राज्याला त्याच्या दर खासदारामागे तीस हजार एकर जमीन द्यायची, ती विकून आलेला पैसा गंगाजळी म्हणून ठेवायचा आणि त्यावर कॉलेज चालवायचं, अशी ती योजना. अट एकच. तिथे इतर विषयांबरोबर शेती आणि यंत्रविद्या शिकवली गेली पाहिजे, आणि ती कष्टकऱ्यांच्या मुलांना परवडली पाहिजे. तोपर्यंत कॉलेज म्हणजे लॅटिन, धर्मशास्त्र आणि वकिली. शेतकऱ्याच्या मुलाने नांगराबद्दल शिकायला कॉलेजात जायचं, ही कल्पनाच लोकांना हास्यास्पद वाटायची. कशाला जायचं, बाप शिकवेल की, असं शेतकरीच म्हणायचे.

यातली शेती आणि यंत्रविद्या ही जोडी वाचून मी, इंजिनिअर बाई, जरा थबकले. म्हणजे तिकडे माझी विद्या आणि शेतकी एकाच आईच्या पोटी जन्मल्या. आपल्याकडे बारावीनंतर त्यांच्यात रोटीबेटी व्यवहारही उरला नव्हता.

नुसती कॉलेजं काढून फारसं काही झालं नाही. शिकवायचं काय हा प्रश्न होता. शेतीचं शास्त्र म्हणून जे होतं ते बरचसं युरोपच्या हवामानाचं, आणि उरलेलं ऐकीव. म्हणून १८८७ साली हॅच कायदा आला. दर राज्याला दरवर्षी पंधरा हजार डॉलर, आणि त्यातून कॉलेजाला जोडून एक प्रयोग केंद्र चालवायचं. तिथल्या मातीत, तिथल्या पावसात, तिथल्या किडींवर प्रयोग करायचे आणि निष्कर्ष छापून शेतकऱ्यांना कळवायचे. पत्रकं टपालाने फुकट जायची. पुढे तर रेल्वेच्या डब्यांत बियाणं, अवजारं, जनावरं भरून प्रात्यक्षिकाच्या गाड्या गावोगावच्या स्टेशनांवर थांबायच्या. शिकवणं, शोधणं आणि सांगायला जाणं, तिन्ही कामं एकाच संस्थेने आणि बऱ्याचदा एकाच माणसाने करायची.

याचं सर्वांत सुंदर उदाहरण पुलमनलाच घडलं होतं, खानखोजे तिथे जायच्या दहा-बारा वर्षं आधी. पुलमनच्या भोवती पलूस नावाचा टेकड्याटेकड्यांचा मुलूख आहे. वाऱ्याने वाहून आणलेल्या मातीचा जाड थर, हिवाळ्यात पाऊस, उन्हाळा कोरडा, आणि नजर पोचेल तिथवर गहू. तिथल्या शेतकऱ्यांना थंडीआधी पेरता येईल, तग धरेल, आडवा पडणार नाही आणि दाणे गळू देणार नाही असा गहू हवा होता. कॉलेजातले एक प्राध्यापक, विल्यम स्पिलमन, यांनी १८९९ मध्ये दोन दोन जातींचे संकर करायला घेतले. दुसऱ्या पिढीत त्यांना दिसलं की आईबापांचे गुण कसेही मिसळत नाहीत, ठरावीक प्रमाणात पुन्हा वेगळे होतात. १९०१ मध्ये त्यांनी ते मांडलं. मेंडेलने हेच वाटाण्यावर कधीच सिद्ध केलं होतं आणि ते विस्मरणात गेलं होतं; १९०० मध्ये युरोपातल्या तिघा शास्त्रज्ञांनी ते पुन्हा उजेडात आणलं. स्पिलमनना त्यातलं काही ठाऊक नव्हतं. एका आडगावच्या सरकारी शेतकी कॉलेजात, शेतकऱ्याचा गहू आडवा का पडतो याचं उत्तर शोधता शोधता, एक माणूस आनुवंशिकतेच्या नियमापाशी स्वतंत्रपणे पोचला होता.

खानखोजे पुलमनला पोचले तोवर स्पिलमन वॉशिंग्टन डी. सी.ला गेले होते, पण त्यांचे गहू शेतकऱ्यांच्या शेतात होते. आपल्या काळ्या मातीतून गेलेल्या मुलाने तिथे काय पाहिलं असेल, याचा मी बराच विचार केला. सरकारच्या पैशाचं कॉलेज, त्यात शेतकऱ्याची मुलं, प्राध्यापक चिखलात. त्याच सुमारास, १९०६ मध्ये, नागपुरात आपल्याकडचं शेतकी कॉलेज सुरू झालं होतं. तिथलं शिक्षण इंग्रजीत आणि मुख्यतः खात्यातल्या नोकरीसाठी. शेतकऱ्याच्या पोराने तिथून शिकून परत नांगर धरावा, अशी कोणाचीच अपेक्षा नव्हती.

पण पांडुरंगचं लक्ष अजून बंदुकीवरच होतं. ऑरेगनमध्ये लाकूड कापायच्या गिरण्यांत पंजाबी कामगार होते, त्यातले बरेच निवृत्त सैनिक आणि मूळचे शेतकरी. सोहनसिंग भकना, लाला हरदयाळ आणि इतरांनी मिळून १९१३ साली जी संघटना उभी केली ती गदर पार्टी म्हणून प्रसिद्ध आहे. खानखोजे तिच्या सुरुवातीच्या माणसांपैकी, आणि त्यातही लष्करी बाजू सांभाळणारे. महायुद्ध सुरू झाल्यावर ते तुर्कस्तानमार्गे इराणात गेले. तिकडून बलुचिस्तानमार्गे हिंदुस्थानात सशस्त्र शिरायचं, असा बेत होता. इराणच्या वाळवंटात टोळीवाल्यांबरोबर ते इंग्रजांशी लढले, जखमी झाले, पकडले गेले, निसटले. बेत फसला. युद्धानंतर बर्लिन, मग मॉस्को. १९२१ मध्ये वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय, भूपेंद्रनाथ दत्त यांच्याबरोबर ते मॉस्कोत होते. तिथूनही काही हाती आलं नाही.

हा सगळा भाग चरित्रांत रंगवून येतो आणि तो आहेही तसाच, सिनेमासारखा. मला स्वतःला त्यातली दहा वर्षं वाचताना वाईट वाटत राहिलं. इतकं धाडस आणि इतकी फरफट, आणि पुलमनला जे शिकले त्याचा एका ओळीपुरताही उपयोग नाही. घरी परतायचा रस्ता बंद. इंग्रज सरकारच्या काळ्या यादीत नाव. वय चाळीस. आपल्या बॅचचं आज जे वय आहे त्याहून थोडं कमीच.

१९२४ साली ते मेक्सिकोत आले. रामोन दे नेग्री या मेक्सिकन गृहस्थांशी त्यांची जुनी ओळख होती. खानखोजे अमेरिकेत होते त्या काळात हे सॅन फ्रान्सिस्कोत मेक्सिकोचे वकील होते. नंतर आपल्या देशाचे शेतीमंत्री झाले. त्या ओळखीने खानखोज्यांना चापिंगोच्या राष्ट्रीय शेतकी विद्यालयात वनस्पतिशास्त्र आणि पीक सुधारणा शिकवायची नोकरी मिळाली. शिकवायचं स्पॅनिशमधून. चाळिशीत नवी भाषा शिकून, वर्गात उभं राहून परागकण आणि बीजांड समजावून सांगायचं! मी चाळिशीत नवी प्रोग्रामिंगची भाषा शिकताना किती कुरकुर केली ते माझ्या टीमला विचारा.

चापिंगोची गोष्ट त्यांच्या गोष्टीइतकीच मोठी आहे. मेक्सिकोचं हे सरकारी शेतकी विद्यालय १८५४ पासूनचं, पण होतं राजधानीत. १९१० साली तिथे क्रांती पेटली आणि दहा वर्षं चालली. तिच्या मुळाशी जमिनीचा प्रश्न होता. हासिएन्दा म्हणजे हजारो एकरांची जमीनदारी, आणि त्यावर राबणारी बिनजमिनीची, बहुतेक मूळनिवासी कुळं. १९१७च्या राज्यघटनेने गावांना जमिनी परत द्यायचं कबूल केलं. मग १९२३-२४च्या सुमारास सरकारने शेतकी विद्यालय राजधानीतून उचललं आणि तेस्कोकोजवळच्या चापिंगो नावाच्या हासिएन्दात नेऊन बसवलं. ही जमीनदारी एका माजी राष्ट्राध्यक्षाची होती. जमीनदाराच्या वाड्यात आता शेतकऱ्यांची पोरं शिकणार. वाड्याच्या देवघरात, म्हणजे चॅपेलमध्ये, दिएगो रिव्हेरा या चित्रकाराने जमीन, बीज आणि शेतकरी यांची भिंतभर चित्रं काढली. १९२४ ते १९२७ हे काम चाललं होतं. खानखोजे तिथे रुजू झाले तेव्हा बाजूच्या इमारतीत रिव्हेरा शिडीवर चढलेले असायचे. दोघांची मैत्री झाली.

आता मक्याबद्दल. मेक्सिकोत मका म्हणजे आपल्याकडची ज्वारी, किंबहुना जास्तच. मक्याच्या झाडाला वरती तुरा येतो तो नर, आणि खाली कणीस धरतं ती मादी. वाऱ्याने तुऱ्याचे परागकण कणसाच्या रेशमावर पडतात. शेजारच्या शेतातले, पलीकडच्या गावातले परागही येतात. त्यामुळे जात शुद्ध ठेवायची किंवा आपल्याला हवा तो संकर करायचा तर कणसाला रेशीम फुटायच्या आत कागदी पिशवी घालायची, तुऱ्यालाही घालायची, आणि ठरलेल्या दिवशी ठरलेल्या झाडाचे पराग हाताने झटकायचे. शेकडो झाडं, प्रत्येकाला चिठ्ठी, वहीत नोंद. एका हंगामात एकच संधी. आमच्या कामात चूक झाली तर आम्ही पाच मिनिटांत पुन्हा चालवून बघतो. इथे पुढचा पावसाळा यावा लागतो.

चापिंगो समुद्रसपाटीपासून सव्वादोन हजार मीटर उंचीवर आहे. पाऊस लहरी, आणि कणसं भरायच्या वेळी दव गोठून पीक जळायची भीती. तेव्हा दुष्काळ आणि थंडी दोन्ही सोसणाऱ्या जाती हव्या होत्या. खानखोज्यांनी मका, गहू, कडधान्यं या सगळ्यांवर काम केलं, पण त्यांचा जीव मक्यात होता. मक्याच्या शेताच्या बांधावर तिथे तेओसिन्ते नावाचं एक रानगवत वाढतं. दाणे मोजके आणि दगडासारखे टणक, पण झाड काटक. आज आपल्याला ठाऊक आहे की मका याच गवतापासून माणसाने हजारो वर्षांत घडवला. तेव्हा त्याबद्दल वाद होता. खानखोज्यांनी या गवताचा मक्याशी संकर करून बघितला. एका झाडावर बोटांसारखी कणसांची जुडी धरणाऱ्या एका चमत्कारिक मक्यावरही त्यांचं काम आहे. स्पॅनिशमध्ये त्याचं नाव ग्रानादा, म्हणजे डाळिंब. १९३६ साली या डाळिंबी मक्याचं मूळ, वाढ आणि लागवड यांवर त्यांचं पुस्तक निघालं.

प्रयोगशाळेइतकंच, किंवा माझ्या मते त्याहून मोठं, त्यांचं दुसरं काम. विद्यालयात येऊन शिकू शकणारी मुलं थोडी. जमीन नव्याने मिळालेला पन्नाशीचा शेतकरी, ज्याला सही येत नाही, तो चापिंगोच्या वर्गात कसा बसणार? आजवर तो दुसऱ्याच्या हुकमाने राबत आलेला. कोणतं बी धरायचं, कधी पेरायचं हे त्याने स्वतः कधी ठरवलेलंच नाही. जमीन वाटून क्रांती पुरी होत नाही, हे तिथल्या लोकांच्या लक्षात येऊ लागलं होतं. तेव्हा खानखोजे आणि त्यांच्या सोबत्यांनी गावातच शाळा काढल्या. त्यांना मुक्त शेतकी शाळा म्हणत. फी नाही, दाखला नाही, वयाची अट नाही. बी कसं निवडायचं, जमीन कशी राखायची, विकताना एकत्र कसं यायचं हे तिथे शिकायचं. त्यातल्या एका शाळेला शेतकऱ्यांचा पुढारी एमिलियानो सापाता याचं नाव दिलं होतं. सापाता १९१९ मध्ये दगाफटक्याने मारला गेला होता, आणि शेतकऱ्यांच्या दृष्टीने जमीन मिळाली ती त्याच्यामुळे. टीना मोदोत्ती या नावाजलेल्या छायाचित्रकार बाईंनी या शाळांचे आणि खानखोज्यांच्या मक्याचे फोटो काढले आहेत. मी ते पाहिले. मोठ्या काठाच्या टोप्या घातलेली माणसं, पाठीमागे साधीसुधी इमारत. आपल्याकडच्या एखाद्या सोसायटीच्या उद्घाटनाचा फोटो वाटावा.

इथे मला पुलमन दिसतं. शिकवणं, शोधणं आणि सांगायला जाणं. ते तिघंही या एका माणसात आले, आणि त्यात इराणच्या वाळवंटातला माणूसही होताच. गदरमध्ये तो शेतकऱ्यांना सैनिक करायला निघाला होता. मेक्सिकोत त्याने तोच जीव शेतकऱ्याला शेतकरी करण्यात लावला. सशस्त्र बेत एकही तडीला गेला नाही. या शाळा मात्र भरल्या.

रिव्हेरांनी मेक्सिकोच्या शिक्षण मंत्रालयाच्या भिंतींवर जी चित्रमालिका काढली, त्यात १९२८चं एक चित्र आहे. जेवणाच्या टेबलाभोवती गरीब माणसं बसली आहेत आणि मध्यभागी बसलेला एक जण भाकरी मोडून वाटतो आहे. त्याचा चेहरा खानखोज्यांचा. शिक्षण खात्याच्या इमारतीत, भाकरी वाटणारा, वर्ध्याचा माणूस. दुष्काळात वाढलेल्या मुलाचं याहून बरं चित्र कोणी काढलं नसतं.

१९३६ मध्ये त्यांनी जान नावाच्या बेल्जियन बाईंशी लग्न केलं. सावित्री आणि माया या दोन मुली झाल्या. सावित्रीबाईंनी पुढे वडिलांचं इंग्रजी चरित्र लिहिलं.

एका गोष्टीबद्दल थोडं सांभाळून लिहायला हवं. हल्ली व्हॉट्सअॅपवर खानखोज्यांना हरितक्रांतीचे जनक वगैरे म्हणणारे मजकूर फिरतात. आपल्या बॅचच्या ग्रुपवरही मागे एक आला होता आणि मी उगाच वाद घातला होता. खरा क्रम असा. मेक्सिकोतला तो प्रसिद्ध गव्हाचा कार्यक्रम रॉकफेलर फाउंडेशनच्या पैशाने १९४३ मध्ये सुरू झाला आणि नॉर्मन बोरलॉग त्यात १९४४ मध्ये आले. खानखोज्यांचं काम त्याच्या आधीचं. बोरलॉगचे बुटके गहू हे बोरलॉगचेच. पण त्या कार्यक्रमाला चापिंगोत जागा होती, प्रयोगाची शेतं होती आणि शेतकी शिकलेली मेक्सिकन पोरं कामाला मिळाली. ती पोरं आकाशातून पडली नव्हती. वीस-पंचवीस वर्षं त्या विद्यालयात मुलांना पिशव्या बांधायला, नोंदी ठेवायला आणि शेतकऱ्याशी बोलायला शिकवणारे जे मास्तर होते, त्यांतले एक खानखोजे. एवढं श्रेय पुरे आहे, आणि ते खरं आहे. १९६६ साली भारताने मेक्सिकोहून अठरा हजार टन गव्हाचं बियाणं मागवलं. तेव्हा खानखोजे नागपुरात होते, ऐंशी पार केलेले.

नागपुरात ते परतले कसे, तर स्वातंत्र्यानंतर. १९४९ मध्ये त्यांना इकडच्या सरकारने शेतीबद्दल सल्ला देण्यासाठी बोलावलं. तेव्हा नागपूर मध्य प्रांत-वऱ्हाडात होतं. १९५५ मध्ये ते कायमचे येऊन राहिले. जवळजवळ पन्नास वर्षं देशाबाहेर काढून आलेला माणूस. इकडे त्यांचं कौतुक झालं, सत्कार झाले. पण चापिंगोत जशी एक संस्था त्यांच्या मागे उभी होती तशी इथे नव्हती, आणि वयही उरलं नव्हतं. पुलमन-कॉर्व्हॅलिसच्या धर्तीवरचं, शिकवणं-संशोधन-विस्तार एकत्र करणारं भारतातलं पहिलं कृषी विद्यापीठ १९६० साली पंतनगरला निघालं. महाराष्ट्रात आधी राहुरीला, आणि मग २० ऑक्टोबर १९६९ला आपल्या विदर्भासाठी अकोल्याला. नागपूरचं ते १९०६चं कॉलेजही अकोल्याच्या विद्यापीठाखाली आलं. खानखोजे १९६७च्या जानेवारीत गेले होते. जी गोष्ट त्यांनी पंचविशीत दुसऱ्यांच्या देशात पाहिली, ती त्यांच्या स्वतःच्या जिल्ह्यापर्यंत यायला साठ वर्षांच्या आसपास लागली, आणि ते अडीच-तीन वर्षांनी चुकले.

आता शाळेशी संबंध.

आपल्या वर्गात सेलूकडून एसटीने येणारा एक मुलगा होता. नाव लिहीत नाही, तो मेळाव्याला येणार आहे आणि लाजेल. बारावीचे निकाल लागले, मला इंजिनिअरिंग मिळालं, त्याचे मार्क थोडे कमी पडले आणि तो अकोल्याला शेतकीला गेला. आम्ही सगळे त्याच्याकडे पेढे मागायलाही गेलो नाही. मी तर त्याला, पुढच्या वर्षी पुन्हा परीक्षा दे, असं सांगितलं होतं, अगदी सहानुभूतीने. घरी शेती असलेल्या मुलाने शेतकी शिकणं यात वाईट वाटण्यासारखं काय होतं, हे मला आज सांगता येत नाही, पण तेव्हा आपल्यापैकी कोणालाच ते वेगळं दिसलं नाही. शिक्षकांनाही नाही, आईवडलांनाही नाही.

तो कृषी सहायक झाला. २०१७ साली विदर्भात गुलाबी बोंडअळीने कापूस खाल्ला, ते वर्ष गावाकडच्यांना आठवत असेल. बोंड बाहेरून चांगलं, फोडलं की आत किडलेलं. माझ्या काकांनी त्या वर्षी पऱ्हाटी उपटायची सोडून तशीच उभी ठेवली होती, फरदड घ्यायला. शेवटची दोन वेचण्या कापूस मिळाला तर तेवढाच. हा बाबा मोटारसायकलवर येऊन बांधावर उभा राहिला आणि त्यांना समजावत बसला की फरदडीवरच अळी पुढच्या हंगामापर्यंत जगते, पऱ्हाटी काढा, पुढच्या वर्षी वेळेआधी पेरू नका, आणि कामगंध सापळे लावा. एका भेटीत काका ऐकणारे नाहीत. तो पाच-सहा वेळा आला. ते सापळे म्हणजे प्लॅस्टिकची नरसाळ्यासारखी पिशवी, आत मादीच्या वासाची गोळी. नर पतंग त्यात पडतात आणि किती पडले ते रोज मोजायचं. काका आता ते वहीत लिहितात. बासष्टाव्या वर्षी नोंदवही ठेवायला लागले.

हे सगळं मला काकांकडून कळलं, त्याच्याकडून नाही. मी त्याला फोन केला आणि बारावीच्या निकालानंतरच्या त्या सल्ल्याबद्दल माफी मागितली. त्याला ते आठवतही नव्हतं. खानखोज्यांचं नाव मात्र त्याला माहीत होतं, आणि २०२२ मध्ये चापिंगोच्या विद्यापीठात त्यांचा पुतळा उभारला, लोकसभेच्या सभापतींच्या हस्ते त्याचं अनावरण झालं, हेही. फोटो आहे का माझ्याकडे, असं त्याने विचारलं. मी पाठवला.

मेळाव्याच्या वर्गणीतून ग्रंथालयाला काय द्यायचं याची चर्चा चालू आहे. मी गवाणकरांच्या खानखोज्यांच्या चरित्राच्या दोन प्रती घेऊन येते आहे. दोन्ही कार्व्हरच्या शेजारी ठेवाव्यात, एवढीच विनंती.